तत्त्वज्ञान शिकून पोट भरतं का?

१० नोव्हेंबर २०१५. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुक उमेदवारांची जाहीर चर्चा चालू होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेले सिनेटर मार्को रुबिओ बोलता बोलता म्हणाले, की वेल्डर तत्त्वज्ञापेक्षा जास्त कमावतो; देशाला वेल्डर जास्त हवेत, तत्त्वज्ञ कमी. टाळ्या पडल्या. मग पत्रकारांनी सरकारी आकडे काढून पाहिले, तर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा पगार वेल्डरच्या पगारापेक्षा बराच जास्त निघाला. पुढची गंमत २०१८ ची. रुबिओंनी स्वतःच ट्विटरवर जाहीर केलं, की चेष्टा केल्यावर आपल्याला कुणीतरी तत्त्वज्ञान वाचून बघण्याचं आव्हान दिलं, आपण स्टोइक विचारवंत वाचायला घेतले आणि मत बदललं. वेल्डरबद्दलचं मत मात्र कायम. देशाला दोघेही हवेत. हेच रुबिओ २०२५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले.

मराठी घरात हाच वाद अधिक हळू आवाजात होतो. बारावीचा निकाल लागलेला असतो, मुलगी म्हणते, ‘मी तत्त्वज्ञान घेऊन बीए करते,’ आणि बाबा म्हणतात, ‘ते ठीक आहे गं, पण त्याला स्कोप काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फी, खोलीभाडं आणि मेसचा हिशेब ज्याला करायचा असतो, त्याला तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. तत्त्वज्ञानाची बाजू घेणारे मात्र अशा वेळी ‘जीवनदृष्टी’, ‘विचारांची उंची’ असली गोल उत्तरं देतात. त्यानं बाबांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आधी आकड्यांकडे वळू. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये विषयवार बेरोजगारीचे आकडे प्रसिद्ध केले. नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांपैकी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे ७.५ टक्के आणि कॉम्प्युटर सायन्सचे ६.१ टक्के बेकार होते, तत्त्वज्ञानाचे ३.२ टक्के. ही बातमी तत्त्वज्ञानाच्या विभागांनी जगभर आनंदानं फिरवली. पण त्याच तक्त्यात आणखी एक रकाना होता: पदवीची गरजच नसलेल्या कामावर असलेले पदवीधर किती. त्या रकान्यात तत्त्वज्ञानवाले कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बरेच मागे आहेत, आणि सुरुवातीच्या पगारातही. म्हणजे कॉम्प्युटरचा पदवीधर आपल्या मनाजोगत्या नोकरीसाठी थांबू शकतो, तर तत्त्वज्ञानाचा पदवीधर समोर येईल ते काम धरतो, असाही या आकड्यांचा अर्थ लावता येतो. शिवाय हे सगळं अमेरिकेतलं. नांदेड किंवा सावंतवाडीच्या बीएला ते जसंच्या तसं चिकटवणं बरोबर नाही.

दुसरा नेहमीचा पुरावा म्हणजे नावांची यादी. अब्जाधीश गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तत्त्वज्ञान शिकले, तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा त्यांच्यावर इतका प्रभाव होता की पुढे आपल्या संस्थेचं नावही त्यांनी पॉपरच्या ग्रंथावरून ठेवलं. शेअर बाजारात कंपन्यांना घाम फोडणारे कार्ल आयकान १९५७ चे प्रिन्स्टनचे तत्त्वज्ञानाचे पदवीधर. ‘फ्लिकर’ आणि ‘स्लॅक’ या इंटरनेट कंपन्या उभ्या करणाऱ्या स्ट्युअर्ट बटरफील्ड यांनी कॅनडात तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि मग केंब्रिजला विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात एम. फिल. केलं, ‘स्लॅक’ पुढे २७ अब्ज डॉलरांहून जास्त किमतीला विकली गेली. यादी खरी आहे. पण तिच्यावरून ‘तत्त्वज्ञान शिका, श्रीमंत व्हा’ असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी तर्कशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत नापास होईल. त्याच न्यायानं बिल गेट्स आणि मार्क झुकरबर्ग यांच्याकडे बोट दाखवून कॉलेज अर्धवट सोडण्याचा सल्लाही देता येतो. जिंकलेल्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. त्याच वर्गातून बाहेर पडून कॉल सेंटरमध्ये बसलेल्यांची कुणी यादी करत नाही.

त्यापेक्षा वजनदार पुरावा अलीकडे हाती आला आहे. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई नावाची परीक्षा घेतात. तिच्या भाषिक आकलनाच्या आणि विश्लेषणात्मक लेखनाच्या भागांत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी वर्षानुवर्षं सगळ्यांत वर असतात. त्यावर एक आक्षेप कायम घेतला जाई: मुळात हुशार मुलंच हा विषय घेतात, विषयानं त्यांना हुशार केलं हे कशावरून? आक्षेप रास्त होता. मायकेल प्रिन्झिंग आणि मायकेल वाझकेझ या दोन अभ्यासकांनी २०२५ मध्ये सहा लाखांहून अधिक पदवीधरांची माहिती तपासली आणि कॉलेजात येतानाची त्यांची गुणवत्ता हिशेबात धरून मग तुलना केली. मुळातला फरक वजा केल्यावरही तत्त्वज्ञानवाले भाषिक आणि तार्किक कसोट्यांत पुढे राहिले. चमत्कार म्हणावा असं त्यात काही नाही, पण चार वर्षांत या वर्गात डोक्याला काहीतरी वळण लागतं, एवढं म्हणायला आता आधार आहे.

ते वळण कसलं, हे वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे तत्त्वज्ञान म्हटलं की आत्मा, परमात्मा आणि मोक्ष डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात विद्यार्थ्याचा बराचसा वेळ तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा आणि नीतिशास्त्र यांत जातो. दोन पानांच्या उताऱ्यावर कधीकधी आठवडा खर्च होतो. लेखकाचा दावा काय, तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, त्यांतलं एखादं गुपचूप मागच्या दारानं आत आलंय का, आणि ती सगळी मान्य केली तरी निष्कर्ष खरंच निघतो का, हे खणत बसायचं. मग विरुद्ध बाजू मांडायची, आणि तीही अशी की विरोधकानं ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणून मान डोलवावी. भारतीय परंपरेला हे नवं नाही. आधी पूर्वपक्ष पुरेशा ताकदीनं उभा करायचा आणि मगच सिद्धान्ताकडे जायचं, ही भाष्यकारांची शिस्तच होती. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. संध्याकाळी कोणतीही वृत्तवाहिनी लावली, तर यांतला तिसरा प्रकार प्रात्यक्षिकासह पाहायला मिळतो.

हे कौशल्य एकट्यानं कुठं खपतं? फार ठिकाणी नाही. ‘तत्त्वज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात कुणी देत नाही. पण तेच कौशल्य दुसऱ्या एखाद्या विद्येशी किंवा धंद्याशी जोडलं गेलं, की काय होतं त्याची उदाहरणं थक्क करणारी आहेत.

क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाचंच बघा. तो मिशिगन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि गणित शिकत होता. तिथं त्यानं तत्त्वज्ञान विभागाचा तर्कशास्त्राचा एक वर्ग केला. त्या वर्गात त्याची जॉर्ज बूलच्या बीजगणिताशी ओळख झाली. बूलनं १८५४ मध्ये खरं-खोटं, आणि, किंवा, नाही यांचं गणित मांडलं होतं. ऐंशी वर्षं ते मुख्यतः तर्कशास्त्राच्या पुस्तकांत पडून होतं. अभियंत्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. १९३६ मध्ये शॅनन एमआयटीला गेला. तिथं वॅनेव्हर बुश यांच्या प्रचंड यांत्रिक गणकयंत्राची देखभाल त्याच्याकडे आली. ते यंत्र नियंत्रित करणारं रिलेंचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांचं, जंजाळ बघताना त्याच्या लक्षात आलं, की मिशिगनच्या वर्गातलं गणित इथं जिवंत उभं आहे. दोन स्विच एकामागोमाग जोडले तर दोन्ही चालू असतील तेव्हाच वीज वाहते: हा झाला ‘आणि’. तेच शेजारी शेजारी जोडले तर कोणताही एक चालू असला तरी पुरतो: हा ‘किंवा’. मग सर्किट अंदाजानं जोडत बसण्याची गरज काय? ते कागदावर समीकरणासारखं सोडवता येईल, अनावश्यक रिले गाळता येतील, आणि उलट तर्काचं कोणतंही काम विजेकडून करून घेता येईल. १९३७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं हे आपल्या एम.एस.च्या प्रबंधात मांडलं. आजच्या प्रत्येक मोबाइलमधल्या चिपच्या रचनेमागे तो प्रबंध आहे.

शॅनन पुढं सांगत असे, की ही दोन्ही क्षेत्रं एकाच वेळी माहीत असलेला दुसरा कुणी योगायोगानं तिथं नव्हता, इतकंच. अभियंत्याच्या विनयातला भाग सोडला तरी या म्हणण्यात तथ्य आहे. त्याला नुसतं तर्कशास्त्र येत असतं तर तो शिक्षक झाला असता, नुसती अभियांत्रिकी येत असती तर चांगला तंत्रज्ञ.

असाच एक वर्ग मराठी माणसाला अधिक जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण तिथं त्यांनी जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाचे वर्ग केले आणि ड्यूईंचा ठसा त्यांच्या लेखनावर अखेरपर्यंत राहिला. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी ड्यूईंचं ऋण नाव घेऊन मान्य केलं आहे. लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा त्यांच्या मांडणीतला धागा ड्यूईंच्या विचारांपर्यंत जातो. अर्थतज्ज्ञ, बॅरिस्टर आणि घटनाकार या तिन्ही भूमिकांना तो वर्ग उपयोगी पडला.

आता जिथं तत्त्वज्ञच मुख्य खुर्चीवर बसला, असं एक उदाहरण. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथं जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. आनंदाचा भर ओसरल्यावर प्रश्न उभे राहिले. प्रयोगशाळेत तयार झालेले, पण गर्भाशयात न सोडलेले भ्रूण ठेवायचे, टाकायचे की त्यांच्यावर संशोधन करू द्यायचं? त्यांच्यावर मालकी कुणाची? सरोगसीला परवानगी द्यायची का? १९८२ मध्ये ब्रिटिश सरकारनं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष म्हणून डॉक्टर, न्यायाधीश किंवा बिशप निवडला जाईल अशी कुणाचीही अपेक्षा असणार. सरकारनं निवडलं ऑक्सफर्डला अनेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या मेरी वॉर्नॉक यांना.

समितीत डॉक्टर होते, वकील होते, धर्मशास्त्राचे जाणकार होते आणि ॲन मॅकलॅरेन यांच्यासारख्या भ्रूणतज्ज्ञही. एका बाजूचं म्हणणं, गर्भधारणा झाली त्या क्षणी माणूस अस्तित्वात आला, हात लावायचा नाही. दुसरी बाजू म्हणे, हा डोळ्यांना न दिसणारा पेशींचा पुंजका आहे. त्याच्यावरच्या संशोधनानं हजारो जोडप्यांचं दुःख दूर होईल. ‘जीव नेमका कधी सुरू होतो?’ या प्रश्नावर गाडी अडणार हे उघड होतं. इथं वॉर्नॉक यांची तालीम कामाला आली. तो प्रश्न दिसतो विज्ञानाचा, पण सूक्ष्मदर्शकातून त्याचं उत्तर मिळत नाही. पेशी जिवंत आहेत हे दोन्ही बाजूंना मान्यच होतं. खरा प्रश्न असा होता, की या भ्रूणाशी कसं वागणं योग्य, आणि संरक्षण कोणत्या टप्प्यापासून द्यायचं. तो शोध लावायचा विषय नव्हता. तो ठरवायचा विषय होता. समितीनं अहवालात जीव कधी सुरू होतो या प्रश्नाला बगल देऊन थेट वागणुकीच्या प्रश्नालाच हात घातला.

मग ठरवायचं कशावर? मॅकलॅरेन यांनी जीवशास्त्र समजावलं. साधारण पंधराव्या दिवशी भ्रूणात एक रेघ उमटते, जिच्यापासून पुढे पाठीचा कणा घडतो. त्याआधी भ्रूणाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात. म्हणजे तिथं अजून ‘एक’ व्यक्तीही ठरलेली नसते. समितीनं मर्यादा घातली १४ दिवसांची. ‘वेदना जाणवू लागेपर्यंत’ अशी व्याख्या अधिक संवेदनशील वाटली असती, पण तिच्यावर दहा वर्षं खटले चालले असते. दिवस मात्र कुणालाही मोजता येतात. अहवाल १९८४ मध्ये आला, काही सदस्यांनी संशोधनाविरुद्ध असहमती नोंदवली, खूप वादळ झालं आणि १९९० मध्ये कायदा झाला. अनेक देशांनी १४ दिवसांची मर्यादा उचलली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मूलपेशी संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ती आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा आपल्याकडेही तेच प्रश्न दाराशी येऊन उभे होते.

वॉर्नॉक यांनी १४ दिवसांबद्दल जे केलं ते वादातीत आहे असं मुळीच नाही. संशोधक आता भ्रूण त्या मर्यादेच्या अगदी जवळपर्यंत वाढवू शकतात आणि २०२१ पासून मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं नियम सैल केला आहे. पण तीन दशकं एक अख्खं विज्ञान त्या रेषेच्या आत राहून वाढलं, हे कर्तृत्व छोटं नव्हे.

वैद्यकाच्या निर्णयांत तत्त्वज्ञाला बसवणाऱ्या या वाटेचं एक छोटं टोक आपल्या कायद्यातही आहे. भारतात नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनुसार या समितीत किमान ७ सदस्य असतात: त्यांत एक सर्वसामान्य व्यक्ती, एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ, आणि एक जण समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ यांपैकी. भारत सरकारच्या औषधविषयक नियमात तत्त्वज्ञाचा नावानं उल्लेख आहे, हे तत्त्वज्ञानाच्या कितीतरी विद्यार्थ्यांनाही माहीत नसतं. अर्थात नियमानं पर्याय ठेवले आहेत, त्यामुळे तत्त्वज्ञाशिवायही समिती पूर्ण होते. आणि समितीच्या बैठकांवर घर चालत नाही. तरीही मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत जिथं जिथं चाचण्या होतात, तिथं हे काम करणारी माणसं लागतात. संमतीपत्र रुग्णाला खरंच कळेल असं लिहिलंय का, हे पाहायला डॉक्टरपेक्षा वेगळी नजर हवी असते.

माहिती तंत्रज्ञानातलं उदाहरण अधिक कोरडं, पण पगाराच्या दृष्टीनं जास्त उपयोगी. रुग्णालयाच्या संगणकात ‘मधुमेह’ अशी नोंद असते. ती नोंद रोगाची आहे, डॉक्टरनं केलेल्या निदानाची आहे, की रुग्णानं तोंडी सांगितलेल्या माहितीची? माणसाला फरक संदर्भानं कळतो, यंत्राला कळत नाही. पन्नास रुग्णालयांची माहिती एकत्र केली की या घोळातून चुकीचे निष्कर्ष बाहेर पडू लागतात. जगात कोणत्या प्रकारच्या गोष्टी असतात, वस्तू आणि घटना यांत फरक काय, गुणधर्म कशाला चिकटतो, हे ॲरिस्टॉटलपासून चालत आलेले प्रश्न. बॅरी स्मिथ या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते प्रश्न घेऊन माहितीच्या वर्गीकरणाचा एक पाया रचला. २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि आज जीवशास्त्र व वैद्यकातली शेकडो वर्गीकरणं त्याच्यावर उभी आहेत. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीतही हीच भानगड रोज असते. ‘ग्राहक’ म्हणजे कोण? खातं उघडून एकदाही खरेदी न केलेला ग्राहक धरायचा का? ऑर्डर रद्द केलेला? या व्याख्येवरून दोन विभागांचे आकडे जुळत नाहीत आणि महिनाअखेरीस भांडणं होतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या मागणीला अलीकडे जोर आला आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फुट यांनी १९६७ मध्ये एका निबंधात रुळांवरून सुटलेल्या ट्रामचं कोडं घातलं, पाच जणांना वाचवण्यासाठी एकाच्या अंगावर ट्राम वळवावी का. पन्नास वर्षांनी ते स्वयंचलित मोटारींच्या अभियंत्यांच्या टेबलावर येऊन पडलं. एमआयटीनं त्यावर इंटरनेटवर प्रयोग केला, तेव्हा जगभरातून सुमारे ४ कोटी निर्णय गोळा झाले, आणि देशागणिक उत्तरं वेगळी निघाली. गूगलच्या डीपमाइंडमध्ये इयासन गॅब्रिएल यांच्यासारखे तत्त्वज्ञ आज नोकरीला आहेत. अशा जागा जगभरात मोजक्याच असणार. त्यांच्या भरवशावर कुणी पदवी निवडू नये.

महाराष्ट्रात तत्त्वज्ञान आणि नोकरी हे शब्द एका वाक्यात येतात ते बहुधा स्पर्धा परीक्षांमुळे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर. अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत इंजिनिअर झालेली मुलंही तो घेतात. त्याशिवाय २०१३ पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे, तोही २५० गुणांचा. त्यात अधिकाऱ्यापुढे येणारे पेच देतात: वरिष्ठाचा तोंडी आदेश, धरणग्रस्तांचा मोर्चा, कंत्राटदार असलेला मेहुणा. एमपीएससीनंही २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आणि नीतिशास्त्र आत आलं. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात क्लासमध्ये या पेचांची साचेबंद उत्तरं पाठ करून घेतली जातात. कुठल्या पेचाला कोणत्या विचारवंताचं वचन चिकटवायचं तेही ठरलेलं. नीतिशास्त्राची याहून मोठी थट्टा होणार नाही.

सरळ रस्ता प्राध्यापकीचा. एमए, मग नेट किंवा सेट, जमल्यास पीएचडी. हा रस्ता आज खडतर आहे. अनुदानित महाविद्यालयांतली भरती वर्षानुवर्षं रखडते, आणि नेट उत्तीर्ण झालेली माणसं तासिका तत्त्वावर, वर्षातले मोजके महिने, तुटपुंज्या मानधनावर शिकवतात. केवळ प्राध्यापक होण्यासाठी तत्त्वज्ञान घेऊ पाहणाऱ्या मुलाला हे आधी स्पष्ट सांगायला हवं.

महाराष्ट्रात या विषयाची उपेक्षाच झाली असंही नाही. खानदेशातल्या अमळनेरला प्रतापशेठ या गिरणीमालकानं १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. कापडाच्या नफ्यातून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना पोसणारा कारखानदार जगात इतरत्रही विरळाच. साने गुरुजी अमळनेरला आले ते याच संस्थेत अभ्यास करायला. प्रताप हायस्कूलचे शिक्षक ते नंतर झाले. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत घडलेले, न्यायशास्त्रात मुरलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. नेमकी व्याख्या करणं हाच ज्या शास्त्राचा श्वास, त्यात तयार झालेल्या माणसाकडे विश्वकोश जावा हे साहजिकच होतं. पुढे त्याच जबाबदारीवर आले मे. पुं. रेगे, तेही तत्त्वज्ञानाचे अध्यापक.

मग अडतं कुठं? शिकवण्यात. ऑक्सफर्डला १९२० पासून तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र असा जोडअभ्यासक्रम आहे. त्यातून हॅरल्ड विल्सनपासून ऋषी सुनक यांच्यापर्यंत ब्रिटनचे कित्येक पंतप्रधान निघाले. (५० दिवससुद्धा न टिकलेल्या लिझ ट्रसही तिथल्याच, तेव्हा पदवीवर फार विसंबू नये.) त्या अभ्यासक्रमाचं बळ विषयांच्या नावांत कमी आणि पद्धतीत जास्त आहे. विद्यार्थी दर आठवड्याला निबंध लिहितो, शिक्षकासमोर एकट्यानं किंवा दोघा-तिघांत बसतो आणि शिक्षक त्यातलं वाक्य न् वाक्य तपासून विचारतो, ‘हे कशावरून?’ आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत हाच विषय ‘प्लेटोचा विज्ञानवाद सविस्तर स्पष्ट करा’ अशा प्रश्नांनी आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सनी शिकवला जातो. नोट्स पाठ करून मिळवलेल्या तत्त्वज्ञानाच्या पदवीचं बाजारमूल्य जवळपास शून्य आहे, आणि ते तसंच असायला हवं. प्रिन्झिंग आणि वाझकेझ यांना दिसलेला फायदा पाठांतरातून येत नाही.

म्हणून निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जोड कशाची. कायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संगणक, पत्रकारिता, मानसशास्त्र, संस्कृत, यांपैकी ज्यात रस असेल ते तत्त्वज्ञानाबरोबर घ्यावं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं मेजर आणि मायनरची सोय केली आहे. मुख्य विषय दुसरा ठेवून तत्त्वज्ञान मायनर म्हणून घेणं हा बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही ही दारं बंद नाहीत. आयआयटी मुंबईच्या मानव्यविद्या विभागात तत्त्वज्ञान शिकवलं जातं. बीएला तत्त्वज्ञान आणि मग तीन वर्षांची एलएलबी, ही जोडी तर जुनी आणि पारखलेली. मराठीतून वाचायचं असेल तर दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेल्या तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड ग्रंथालयात मिळतात.

दुसरी गोष्ट कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ती विचारायला विभागातच जावं लागतं. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी पालकांनी आणि विद्यार्थ्यानं विभागप्रमुखांना एवढंच विचारावं: वर्षाला विद्यार्थ्याकडून किती निबंध लिहून घेता, आणि ते तपासून, त्यावर बोलून परत देता का? उत्तर ‘युनिव्हर्सिटीचा पेपर असतो ना’ असं आलं, तर त्या कॉलेजात दुसरा विषय घ्यावा.